टोप्या बदलल्या त्या दिवशी

बोंगाला, २४ ऑगस्ट २०१४

एदवीज,

ट्रकवाल्या फिदेलबरोबर तू निरोप धाडलास, ‘आईला सांग, मला पत्र लिहू नको. फक्त माझ्या नवऱ्याकडे बघ.’ म्हणजे आईशी बोलायचं नाही, पण आईनं कामं मात्र करायची. लहानपणीही तुझं असंच होतं. रुसून कोपऱ्यात बसायचीस आणि तिथूनच हात लांबवून ताट मागायचीस. तर मी लिहिणार. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

तुझा नवरा जिवंत आहे. हे पहिल्यांदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं धड वाचशील.

सालिहू अजून चर्चच्या आवारातच आहे. शाळेच्या दुसऱ्या वर्गात, गावात उरलेल्या बाकीच्या मुसलमानांबरोबर. जानेवारीत तुमचा ट्रक सीमेपलीकडच्या छावणीकडे सुटताना त्यानं आपली जागा त्या दिवस भरलेल्या बाईला दिली आणि स्वतः खाली उतरला, म्हणून तू त्याच्यावर अजून चिडलेली असशील. मीही चिडले आहे. तो उतरला नसता तर मला रोज चिखल तुडवत चर्चपर्यंत जावं लागलं नसतं. तशी मी काही त्याच्यासाठी जात नाही. फाटकावरच्या सैनिकांना पिठाचे तळलेले गोळे विकायला जाते. उरतात ते त्याला देते. रोज उरतात. धंदा मंदा आहे.

मी तुझ्या लग्नाला आले नाही आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. तुला वाटतं तो खाटीक आहे, मुसलमान आहे म्हणून आले नाही. तसंच होतं. पुढे उत्तरेकडून आलेल्या बंदूकवाल्यांनी माझ्या भावाला त्याच्याच अंगणात मारलं, तेव्हा ते कोणत्या देवाचं नाव घेत होते तेही मी विसरलेले नाही. पण सालिहूनं त्या सगळ्या महिन्यांत दुकानातल्या सुरीशिवाय काही हातात धरलं नाही, हेही मला दिसतं. दिसतं म्हणजे आवडतं असं नाही.

लिहायला बसले ती वेगळ्याच कारणानं. रेडिओवर सांगितलं की पंधरा सप्टेंबरला हिरव्या टोप्यांचं काम संपणार. आपल्या शेजारच्या देशांनी मिळून पाठवलेलं सैन्य ते, त्यांच्या जागी साऱ्या जगाचं सैन्य येणार, निळ्या टोप्यांचं. नगराध्यक्ष म्हणतात, आता जास्त गाड्या येतील, जास्त माणसं येतील, दवाखाना येईल. येऊ देत. पण चर्चच्या फाटकावर आज जी माणसं उभी आहेत ती हिरव्या टोपीतली आहेत. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मुसलमानांवर सूड घ्यायला निघालेली ताईतवाली पोरं कोयते घेऊन बसलेलीच असतात. मग एक टोपी काढून दुसरी घालेपर्यंत फाटकावर कोण असणार, हे रेडिओवाला सांगत नाही.

मला झोप लागत नाही. वयामुळे असेल.

ओनोरिन
(आई लिहिलं तर फाडशील म्हणून नाव लिहिलं.)


३० ऑगस्ट

एदवीज,

चांगली बातमी आहे. हवालदार न्जोया सांगत होता की कित्येक ठिकाणी माणसं तीच राहतात, फक्त टोपी बदलतात. काल हिरवी, आज निळी, डोकं तेच. आमचंही तसंच होईल बहुतेक, म्हणाला. ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

न्जोया म्हणजे फाटकावरचा मुख्य. कॅमेरूनचा, तुझ्या त्या छावणीपासून फार लांब नाही त्याचं गाव. उंच, पोट सुटलेलं, हसला की सगळं फाटक हलतं. माझ्याकडून गोळे घेतो आणि दर वेळी म्हणतो, “मावशी, आज तेल कमी वापरलंत वाटतं.” मी म्हणते, “तुझ्या पोटाकडे बघून कमी केलं.” त्याची माणसं तेव्हा तोंड फिरवून हसतात.

तू गेलीस तेव्हा पातेली वाजवणं नुकतंच सुरू झालं होतं. आता आमचं सगळं त्याच्यावर चालतं. कोयतेवाले आता आमचीही घरं लुटतात; ते दिसले की ज्या बाईला दिसतील तिनं पातेलं काढायचं आणि पळीनं बडवायचं. मग शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. पहिल्यांदा हे न्जोयालाही कळलं नव्हतं. बाहेर येऊन विचारत होता, कुणाचं लग्न आहे का? आता तो आवाज नुसता ऐकून सांगतो, कोणती वस्ती, किती लांब, येताहेत की जाताहेत. त्याची गाडी बरोब्बर तिकडे धावते. हे त्याला कुठल्या अधिकाऱ्यानं शिकवलेलं नाही. आम्ही बायकांनी शिकवलं, तेही शिव्या देत.

म्हणून तो राहायला हवा. टोपी कुठलीही घालू दे.

सालिहू तुझी चौकशी करतो. मी सांगते, मला काय माहीत, मला ती पत्र लिहीत नाही. मग मलाच वाईट वाटतं. म्हणजे तुझी चूक आणि वाईट वाटणार मला.

त्याला बाहेर काढता येईल का, हेही न्जोयाला विचारलं. म्हणाला, सीमेकडे जाणाऱ्या गाड्यांतून आता फक्त आजारी आणि जखमी माणसांना नेता येतं, बाकीच्यांना वरून मनाई आहे. तुझा नवरा बैलासारखा ठणठणीत. माझे गोळे खाऊन आणखीच झाला आहे.

ओनोरिन


५ सप्टेंबर

एदवीज,

आमची डोकी बदलणार आहेत. न्जोया आणि त्याची सगळी माणसं परत जाताहेत. नवी माणसं कुठल्याशा लांबच्या देशातून येणार. त्या देशाचं नाव मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मी मान हलवली.

त्यांचा कप्तान काल गाव बघायला आला होता. वाईट माणूस नाही. कपडे इतके स्वच्छ की आमच्या चिखलालाच लाज वाटावी. सोबत आर्सेन नावाचा दुभाषा, राजधानीतला, गळ्यात पट्टा. कप्तान एक वाक्य बोलतो, आर्सेन तीन बोलतो.

न्जोयानं त्याला सगळं दाखवलं. फाटक, विहीर, ओढ्याकडची पडकी भिंत, पूल. मी टोपली घेऊन मागे मागे. शेवटी न राहवून पुढे झाले आणि म्हटलं, “आणि पातेली?”

न्जोया म्हणाला, “साहेब, ही मावशी सांगते ते माझ्या सांगण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.”

मग मी टोपलीखालचं पातेलं काढलं, माझं मोठं, बुडाला पोचा आलेलं, आणि पळीनं जोरात बडवून दाखवलं. कप्तानानं हसून टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, टाळ्या वाजवल्या! आर्सेन म्हणाला, “कप्तान म्हणतात, तुमचं संगीत फार सुंदर आहे.”

मी म्हटलं, “त्याला सांग, हे संगीत नाही. हे वाजलं म्हणजे कुणाचातरी गळा चिरला जाणार आहे.”

आर्सेननं काय सांगितलं देव जाणे. कप्तान गंभीर झाला, मान डोलावली, वहीत काहीतरी टिपलं. पण बाई, वहीत टिपलेलं कानाला ऐकू येतं का? न्जोयाला हे कळायला तीन रात्री आणि आमच्यातल्या पोलीनचा नवरा लागला होता. या नव्या माणसांना शिकायला कोणाचा नवरा लागेल, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळी मला एक युक्ती सुचली. पंधरा तारखेला फुटबॉलच्या मैदानावर समारंभ आहे. हिरवा झेंडा उतरणार, निळा चढणार, राजधानीतून बँड येणार. सगळे नवे सैनिक एकाच जागी उभे असतील. तेव्हाच आम्ही सगळ्या बायकांनी रांगेत उभं राहून पातेली वाजवून दाखवायची. एकदा सगळ्यांच्या कानात बसलं की बसलं. नगराध्यक्षांना कल्पना फार आवडली. त्यांना गर्दी जमणारी कुठलीही कल्पना आवडते.

ओनोरिन


११ सप्टेंबर

एदवीज,

फिदेलनं तुझी चिठ्ठी दिली. दोनच शब्द. ‘जेवतो का?’ माझं नाव नाही, देवाचं नाव नाही. तरी मी ती चोळीत ठेवली आहे, घामानं शाई पुसेल म्हणून कापडात गुंडाळून.

जेवतो. आजही जेवला. उकडलेली कसाव्याच्या कंदाची कांडी, पालेभाजी, थोडा वाळवलेला मासा. हे काही उरलेलं नव्हतं. आता खोटं बोलायचाही कंटाळा आला.

समारंभाचं ठरलं. कार्यक्रमपत्रिका छापून आली, तिच्यात ‘महिला मंडळाकडून इशाऱ्याचे प्रात्यक्षिक’ असं लिहिलं आहे. नगराध्यक्षांनी भाषण संपवून रुमाल हलवला की आम्ही सुरू करायचं. गावात येऊन पोचलेल्या नव्या सैनिकांना आर्सेननं एकेकाला गाठून सांगितलं की त्या दिवशी पातेली वाजतील, घाबरू नका, ते दाखवण्यासाठी आहे. मुलगा कामाचा आहे, मी उगाच नावं ठेवली.

माझं मोठं पातेलं मी सालिहूला नेऊन दिलं. तुला ठाऊकच आहे ते कोणतं. आजीनं आईला दिलं, आईनं मला, आणि मी तुझ्या लग्नात तुला द्यायचं ते दिलं नाही. दिलं नाही ते बरंच झालं, नाहीतर दुकानाबरोबर जळलं असतं.

तो म्हणाला, “आई, हे कशाला?”

“मी तुझी आई नाही. काही झालं तर वाजवायला.”

“आम्ही वाजवत नाही. ते तुम्हा गाववाल्यांचं आहे. आम्ही वाजवलं तर कोण धावून येणार?”

“मी येईन,” म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग मी त्याच्यावर ओरडले, की पातेल्यात हात धुवायचे नाहीत, पाय धुवायचे नाहीत, आणि रोज राखेनं घासायचं. तुझा नवरा घासतो चांगलं. खाटकाला भांडी स्वच्छ ठेवायची सवय असते.

रात्री उठून मी दाराची कडी पुन्हा पुन्हा बघते, एदवीज. सगळं ठरवून झालं की माणसाला बरं वाटायला हवं ना?

ओनोरिन


१४ सप्टेंबर, रविवार

गास्तों दुपारी जेवायला आला होता.

तुझ्या मामाचा मुलगा माझ्याकडे जेवतो हे मी तुला लिहिलं नव्हतं. बापाला मारल्यापासून तो ताईतवाल्यांत गेला आहे. गळ्यात चामड्याच्या पुड्या, कमरेला कोयता. मी म्हणते, कोयता दाराबाहेर, मग ताट. तो ठेवतो. अजून ऐकतो तेवढं.

आज जेवता जेवता म्हणाला, “आत्या, उद्या तू मैदानावरच थांब. चर्चकडे फिरकू नकोस.”

“का रे?”

“हिरव्यांचा झेंडा उतरला की ते पाहुणे. निळ्यांना अजून रस्तेही ठाऊक नाहीत.”

“गास्तों, तिथे तुझ्या बहिणीचा नवरा आहे.”

“माझ्या बापाचा आत्माही कुठेतरी आहे, आत्या.” हात धुतले, कोयता उचलला आणि गेला. भाजी सगळी संपवली होती त्यानं. मी त्याला आग्रह करून वाढली होती.

मी तशीच न्जोयाकडे पळाले. तो सामान बांधत होता. ऐकून खाली बसला. म्हणाला, “मावशी, उद्या सकाळपर्यंत फाटकावर माझी माणसं आहेत. झेंडा उतरला की आमच्या बंदुका पेटीत जातात. मग मी इथे कुणीच नाही. मला गोळी झाडता येत नाही, हुकूम देता येत नाही.”

“मग झेंडा दुपारी उतरवा.”

तो हसला नाही. मला घेऊन कप्तानाच्या कचेरीत गेला. कप्तान राजधानीहून निघाला आहे, सकाळी पोचेल. आर्सेननं सगळं लिहून घेतलं, सकाळी पहिलं हेच सांगतो म्हणाला. मग नगराध्यक्षांकडे गेले, म्हटलं, पातेल्यांचं प्रात्यक्षिक रद्द करा. ते म्हणाले, “अहो, छापून झालंय!”

आता तुला कळलं का मी का घाबरले आहे? मीच सगळ्या सैनिकांना सांगून ठेवलं आहे की उद्या पातेली वाजली तर ते खोटं आहे.


१५ सप्टेंबर, संध्याकाळ

तो जिवंत आहे. तो जिवंत आहे. तो जिवंत आहे.

आता एवढंच. नंतर लिहीन.


१७ सप्टेंबर

एदवीज,

आता लिहिते. काही लपवत नाही.

सकाळी कप्तान आला तेव्हा आर्सेननं त्याला सांगितलं, शब्द पाळला त्यानं. कप्तान माझ्याकडे येऊन म्हणाला, काळजी करू नका मादाम, फाटकावर मी चार चांगली माणसं ठेवली आहेत. आणि काही झालंच तर तुमची पातेली आहेत ना! मी म्हटलं, पण आज... तेवढ्यात बँड सुरू झाला आणि त्याला झेंड्याकडे जावं लागलं.

आम्ही बायका मैदानाच्या कडेला रांगेत, चांगली लुगडी नेसून, प्रत्येकीच्या हातात पातेलं. समोर एका बाजूला न्जोयाची माणसं, रिकाम्या हातांनी. दुसऱ्या बाजूला नवी. हिरवा झेंडा उतरला. न्जोयानं तो घडी करून छातीशी धरला. निळा चढला. टाळ्या. नगराध्यक्षांचं भाषण सुरू झालं, तू त्यांची भाषणं ऐकलेली आहेस. मधूनच बँडवाले दणका द्यायचे, म्हणजे तेवढी तरी विश्रांती.

आणि मला आवाज आला.

लांबून, चर्चकडून. ढप्, ढप्, ढप्. पोचा आलेल्या बुडाचा आवाज बद्द येतो, इतर पातेल्यांसारखा खणखणीत नाही. मी ते पातेलं चाळीस वर्षं घासलं आहे. आपली शेळी कळपात ओरडली तरी ओळखू येते, तसं मला ते ओळखू आलं. सालिहू वाजवत होता.

मी कप्तानाकडे धावले. “ऐका! ऐका!” म्हणून ओरडले. त्याला वाटलं, आमचं प्रात्यक्षिक सुरू झालं. तो हसला, मान डोलावली, शेजारच्या पाहुण्यांना बोटानं दाखवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे टाळ्या वाजवताहेत म्हणून बँडवाल्यांनीही वाजवायला घेतलं. आर्सेन कुठे दिसेना. आणि आमच्या रांगेतल्या काही जणींना वाटलं, रुमाल हलला, त्यांनी हातातली पातेली बडवायला सुरुवात केली. एदवीज, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मीच रचलेलं सगळं माझ्याच डोक्यावर वाजत होतं आणि त्याच्याखाली त्याचा आवाज बुडत होता.

मी परत रांगेकडे पळाले. पोलीनच्या हातातलं पातेलं ओढून जमिनीवर आपटलं. “खाली ठेवा! सगळ्या जणी! हात वर करा!” पोलीनला पहिल्यांदा कळलं. ती रांगेतून ओरडत गेली. बायकांनी पातेली चिखलात ठेवली आणि हात वर केले. तरी बँड चालूच. तेव्हा न्जोया चालत पुढे आला, धावला नाही, मोठ्या ढोलाशी गेला आणि ढोलावर आपला पंजा सपाट ठेवला. ढोलवाला दचकून थांबला. मग बाकीचे थांबले. नगराध्यक्षही थांबले.

आणि मग ते स्पष्ट ऐकू आलं. ढप्, ढप्, ढप्.

कप्तानानं आधी आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग चिखलातल्या पातेल्यांकडे. मग चर्चच्या दिशेला. त्याचा चेहरा पांढरा पडला. आणि त्याच वेळी आवाज बंद झाला.

दुभाष्याची गरज लागली नाही. कप्तान ओरडला आणि त्याची माणसं गाड्यांकडे धावली. पुलाकडून जायचं की ओढ्याकडून, त्यांना माहीत नव्हतं. न्जोयानं टोपी काढून घडी केलेल्या झेंड्यासकट आपल्या माणसाच्या हातात दिली आणि पहिल्या गाडीच्या पायरीवर चढला. बिनटोपीचा, बिनबंदुकीचा. हातानं रस्ता दाखवत गेला.

मी मागून चालत गेले. मला पळता येत नाही. सगळ्या रस्त्याभर मी देवाला म्हणत होते, तो मेला असेल तर मला तिथे पोचवू नकोस.

ते फाटकातून आले नव्हते, ओढ्याकडच्या पडक्या भिंतीवरून आले होते. फाटकावरच्या चौघांनी पातेल्याचा आवाज ऐकला होता, पण त्यांना वाटलं, आज दाखवायचं आहे म्हणून आतलेही वाजवताहेत. त्यांना दोष कसा देऊ? तसं त्यांना सांगायला मीच लावलं होतं. गाड्या आल्या तशी पोरं ओढ्यात उतरून पळाली. शिंपी अबाकर गेला. तुझा शाळेचा पहिला झगा त्यानं शिवला होता. त्याला काल आवारातच पुरलं.

सालिहू वर्गाच्या दाराशी बसला होता, मांडीवर पातेलं. बाकीची माणसं आत, दार लावून, आणि हा दाराबाहेर उभा राहून वाजवत होता. पहिला घाव आला तेव्हा त्यानं पातेलं डोक्यावर धरलं. पातेल्याला बुडापासून काठापर्यंत चीर पडली आहे. दुसरा घाव डाव्या हातावर. दोन बोटं गेली, मनगट खोल कापलं आहे.

मला बघून म्हणाला, “आई, तू येईन म्हणाली होतीस.”

मी त्याला म्हटलं नाही की मी तुझी आई नाही. मी तिथेच बसून मोठ्यांदा रडले, सगळ्या सैनिकांसमोर. कप्तानासमोर.

घाव कुणी घातला, हे तो सांगत नाही. “गर्दी होती, आई, चेहरे दिसले नाहीत,” म्हणतो. मीही पुन्हा विचारत नाही. गास्तों त्या दिवसापासून जेवायला आलेला नाही. मी त्याचं ताट झाकून ठेवते आणि सकाळी कोंबड्यांना घालते.

ओनोरिन


२२ सप्टेंबर

एदवीज,

हे शेवटचं पत्र फिदेलबरोबर धाडत नाही.

काल कप्तान माझ्याकडे आला, आर्सेनला घेऊन. अंगणात उकिडवा बसला. स्वच्छ कपड्यांचा सगळा चिखल झाला, त्यानं पाहिलंही नाही. म्हणाला, पातेलं वाजवून दाखवा. मी शेजारणीचं घेतलं आणि वाजवलं. ओढ्याकडून येताना कसं वाजतं, बाजाराकडून कसं, दूर गेल्यावर कसं थांबतं, सगळं. या वेळी त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या माणसांना आता रोज एक बाई शिकवायला जाते. पहिल्यांदा पोलीन गेली. तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

न्जोयाच्या गाड्या उद्या सीमेकडे निघतात. जखमी माणसांना नेता येतं, हे मी तुला मागे लिहिलं होतं. कप्तानानं सही केली. चर्चचे फादरही म्हणाले, जाऊ दे त्याला. सालिहू मला म्हणाला, “आई, तू पण चल. गाडीत जागा आहे.” न्जोयाही म्हणाला, “मावशी, माझ्या गावात तुमच्या गोळ्यांचा मोठा धंदा होईल.” मी म्हटलं, मी गेले तर या निळ्या टोप्यांना ओरडायचं कोण? आणि गास्तोंला भूक लागली तर तो कुणाच्या दारात जाईल? दुसरं कारण ऐकून सालिहू जवळ सरकला. नुसता माझा हात धरून बसला. तू चांगला माणूस निवडलास. लग्नाला आले नाही त्याचं मला आजही काही वाटत नाही, पण त्या दिवशी तू काय नेसली होतीस ते मला कधीतरी लिही.

पातेलं त्याच्याबरोबर पाठवते आहे. आता ते तुझं. चिरलेलं आहे, पाणी राहत नाही, रस्सा राहत नाही. धान्य भरून ठेव. डाग देऊन बुजवू नकोस.

बाकी काय लिहू? माझी तब्येत बरी आहे. झोपही थोडी लागते.

आणि आता वाचत बसू नकोस. हे ज्यानं तुझ्या हातात दिलं तो समोर उभा आहे, त्याला आत घे. उजवा हात धर. डावा अजून दुखतो.

तुझी आई